कोष्टकांवर उभे राहिलेले घराणे

प्रश्न : माझी भाची फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकते. तिच्या संस्थेला ज्या ॲनेनबर्ग यांचे नाव आहे त्यांचे वडील तुरुंगात जाऊन आले होते, असे ती फोनवर बोलता बोलता सांगून गेली आणि विषय बदलला. माध्यमविद्या शिकवणाऱ्या संस्थेच्या मागे अशी कथा असेल यावर विश्वास बसेना. हे घराणे कोणते आणि ते कसे उभे राहिले, हे सविस्तर सांगावे.

उत्तर : आपल्या भाचीने सांगितलेले खरे आहे. ती संस्था १९५८ मध्ये वॉल्टर ॲनेनबर्ग यांच्या देणगीतून स्थापन झाली आणि त्यांचे वडील मोझेस ॲनेनबर्ग यांनी प्राप्तिकर चुकवल्याबद्दल अमेरिकेच्या संघीय कारागृहात जवळजवळ दोन वर्षे काढली होती. परंतु ही कथा तुरुंगापासून सुरू केली, तर घराण्याचा खरा धंदा काय होता हे लक्षात येत नाही, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

मोझेस यांचा जन्म १८७७ च्या सुमारास पूर्व प्रशियातील एका खेड्यातल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील टोबायस आधी एकटेच शिकागोला गेले आणि चार पैसे गाठीशी जमल्यावर त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. एकाने पुढे जायचे, तिकिटांचे पैसे साठवायचे आणि मग मागच्यांनी यायचे, ही त्या काळी युरोपातून अमेरिकेत येणाऱ्या असंख्य कुटुंबांची रीत होती. मोझेस यांना शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. त्यांना आणि त्यांचे थोरले बंधू मॅक्स यांना काम मिळाले ते वृत्तपत्राच्या संपादकीय खोलीत नव्हे, तर खपाच्या खात्यात.

१९०० मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी शिकागोत नवे दैनिक काढले, तेव्हा शहरातल्या जुन्या पत्रांनी कोपऱ्याकोपऱ्यावरच्या विक्रेत्यांना नव्या अंकाला हात लावू नका असे बजावले होते. हर्स्ट यांना अंक लिहिणाऱ्यांइतकीच तो अंक रस्त्यावर टिकवणारी माणसे हवी होती. मोझेस घरोघर वर्गणीदार गोळा करता करता खप व्यवस्थापक झाले. या कामात दंडेली होतीच. पेपरांचे गठ्ठे नदीत फेकणे, विक्रेत्यांचे ठेले उलथवणे, पेपर विकणाऱ्या पोरांना दटावून पळवणे हे दोन्ही बाजूंनी चालत असे. पुढे, १९१० नंतर, जेव्हा हा संघर्ष बंदुकांपर्यंत गेला तेव्हा मॅक्स हर्स्ट यांना सोडून प्रतिस्पर्धी 'ट्रिब्यून'कडे गेलेले होते आणि मोझेस शिकागोतच राहिलेले नव्हते. १९०७ मध्ये पत्नी सेडी यांचे दागिने गहाण टाकून उभ्या केलेल्या रकमेवर त्यांनी मिलवॉकी येथे वृत्तपत्र वितरणाची स्वतःची एजन्सी सुरू केली होती.

मिलवॉकीतला एक प्रकार मुद्दाम सांगण्याजोगा आहे, कारण या माणसाची बुद्धी कशी चालत असे ते त्यातून दिसते. वृत्तपत्रात छापलेली कुपने कापून, जमवून, वर थोडे सुटे पैसे दिले की वाचकाला एक चमचा मिळे आणि त्या चमच्यावर अमेरिकेच्या एकेका राज्याची मुद्रा कोरलेली असे. एका राज्याचा चमचा घरात आला की गृहिणीला दुसऱ्या राज्याचा हवासा वाटणार, आणि संच पुरा होईपर्यंत घरात तोच पेपर येत राहणार. त्या पेपरात कोणते अग्रलेख छापले जात होते, याच्याशी या योजनेचा काडीचा संबंध नव्हता. मोझेस यांनी यात भरपूर पैसा मिळवला आणि १९२० मध्ये हर्स्ट यांनी त्यांना न्यूयॉर्कला बोलावून आपल्या सगळ्या पत्रांच्या खपाचा कारभार सोपवला.

खरी दौलत मात्र आली ती १९२२ मध्ये विकत घेतलेल्या 'डेली रेसिंग फॉर्म'मधून. घोड्यांच्या शर्यतींचे हे दैनिक शिकागोत १८९४ मध्ये निघाले होते. ते वाचायचे नसतेच, ते उलगडायचे असते. कोणता घोडा, त्याच्यावर किती वजन, कोणता जॉकी, मागच्या शर्यतींत तो पाव अंतरावर कितवा होता, अर्ध्यावर कितवा, वळणावर कितवा आणि शेवटी कितवा, जमीन कोरडी होती की चिखलाची, हे सारे बारीक अक्षरांच्या आकड्यांत, ओळीखाली ओळ. पैसे लावणाऱ्याला याशिवाय दुसरे काही नको असते आणि कालचा अंक आज त्याच्या कामाचा नसतो. म्हणजे गिऱ्हाईक रोज नव्याने येणार आणि किमतीची घासाघीस करणार नाही. १९२६ मध्ये मोझेस यांनी हर्स्ट यांची नोकरी सोडली आणि पुढच्याच वर्षी शर्यतींच्या बातम्या तारेने पुरवणाऱ्या एका संस्थेत भागीदारी घेतली.

या तारसेवेचे गिऱ्हाईक होते देशभरातले बुकी. मैदानाबाहेर पैजा घेणे बहुतेक राज्यांत बेकायदा होते, पण शर्यतीची बातमी तारेने पाठवणे हा मात्र तेव्हा गुन्हा नव्हता आणि या फटीत एक प्रचंड उद्योग मावला. बुक्याला निकाल तत्काळ कळणे जिवाइतके महत्त्वाचे, कारण कुणाला तो आधी कळला तर तो मनुष्य धावून संपलेल्या शर्यतीवर पैसे लावून त्याला धुऊन नेणार. त्यामुळे ज्या मैदानाच्या चालकांनी सहकार्य नाकारले तेथे दुर्बीण घेऊन आत बसलेला माणूस खुणा करी आणि बाहेर टेलिफोनजवळ बसलेला दुसरा त्या वाचून कळवत असे. दूरध्वनी कंपनीच्या अगदी मोठ्या गिऱ्हाइकांत मोझेस यांच्या संस्थेची गणना होऊ लागली. पुढे याच घराण्याने काढलेल्या दुसऱ्या एका नियतकालिकाशी ताडून पाहता यावे, म्हणून हा तपशील येथे इतका विस्ताराने दिला आहे.

१९३६ मध्ये मोझेस यांनी 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' हे १८२९ पासून चालत आलेले प्रतिष्ठित दैनिक विकत घेतले. पैसा होता, पण मान नव्हता. बुक्यांच्या तारांवर उभा राहिलेला माणूस शहराच्या बड्या पत्राचा मालक झाला की त्याला वेगळ्या नजरेने पाहिले जाईल, अशी त्यांची समजूत असावी. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महाग चूक हीच होती.

प्रश्न : मोझेस ॲनेनबर्ग यांच्यावरचा खटला म्हणजे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी उगवलेला सूड होता, असे मी वाचले. हे कितपत खरे?

उत्तर : सुडाचा भाग होता, आणि गुन्हाही होता. एक खरे मानले की दुसरे खोटे ठरवावे लागते, असे येथे नाही.

'इन्क्वायरर' हाती येताच मोझेस यांनी रूझवेल्ट यांच्या आर्थिक धोरणावर आणि त्यांच्या पक्षाच्या पेनसिल्व्हेनियातील सरकारवर तोफा डागल्या. त्याच शहरातले 'रेकॉर्ड' हे दैनिक रूझवेल्ट यांच्या बाजूचे होते, आणि त्याचे मालक जे. डेव्हिड स्टर्न यांनी ॲनेनबर्ग यांच्या बुकीधंद्याची लक्तरे रोज वेशीवर टांगली. १९३८ च्या निवडणुकीत राज्यपालपद रूझवेल्ट यांच्या पक्षाच्या हातून गेले. अर्थखात्याचे मंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ यांच्या रोजनिशीत एक प्रसंग नोंदलेला आहे : रात्रीच्या जेवणाला मला ॲनेनबर्ग हवा, अशा अर्थाचे रूझवेल्ट बोलले, तेव्हा मॉर्गेंथाऊ म्हणाले की तो तुम्हाला सकाळच्या न्याहारीलाच, तळून मिळेल. राज्यकर्त्यांच्या तोंडी अशी भाषा असताना तपास निव्वळ नियमाप्रमाणे झाला असे कुणी म्हणू नये.

पण म्हणून हिशेब खोटा ठरत नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये आरोपपत्र दाखल झाले, ते १९३२ ते १९३६ या पाच वर्षांत ३२ लाख डॉलरहून अधिक प्राप्तिकर बुडवल्याबद्दल. व्याज आणि दंड वेगळेच. आरोपींमध्ये एकुलता मुलगा वॉल्टर याचेही नाव होते. एप्रिल १९४० मध्ये मोझेस यांनी एका वर्षापुरता गुन्हा कबूल केला आणि मुलावरचे आरोप मागे घेतले गेले. जुलैत शिकागोच्या न्यायालयात तीन वर्षांची शिक्षा झाली. ती सुनावणारे न्यायाधीश जेम्स विल्करसन यांनीच नऊ वर्षांपूर्वी शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन यालाही करचुकवेगिरीबद्दल तुरुंगात धाडले होते. तारसेवा तर खटल्याच्या आधीच, १९३९ च्या अखेरीस बंद करावी लागली. मोझेस यांना लुईसबर्गच्या कारागृहातून जून १९४२ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव सोडण्यात आले आणि २० जुलै रोजी मेंदूतल्या गाठीने त्यांचा मृत्यू झाला.

करबुडव्यांमध्ये मोझेस एकटे नव्हते. परंतु केवळ शर्यतींची कोष्टके छापत राहिले असते तर राष्ट्राध्यक्षांच्या जेवणाच्या गप्पांत त्यांचे नाव निघण्याचे कारण नव्हते. ते निघाले 'इन्क्वायरर'च्या अग्रलेखांमुळे.

प्रश्न : टीव्हीचे वेळापत्रक छापणारे साप्ताहिक अब्जावधी डॉलरला विकले गेले, ही गोष्ट पटत नाही. वेळापत्रक तर कोणतेही दैनिक छापू शकते. यात वॉल्टर ॲनेनबर्ग यांनी वेगळे काय केले?

उत्तर : आपली शंका रास्त आहे; त्या वेळी वॉल्टर यांच्या सल्लागारांनाही ती आली होती.

वडील गेले तेव्हा वॉल्टर ३४ वर्षांचे होते. सात बहिणींत एक भाऊ, बोलताना अडखळणारे, एका कानाने बहिरे आणि तोवर उंची कपडे व मौजमजा यांसाठीच माहीत असलेले. पदरात काय आले, तर दंडाच्या कर्जाखाली दबलेली कंपनी आणि बदनाम झालेले आडनाव. अशा मुलाने वारसा विकून मोकळे व्हावे असेच कुणालाही वाटले असते. त्यांनी तसे केले नाही. १९४४ मध्ये, युद्धामुळे कागदाची टंचाई असताना, आपल्याकडचे एक सिनेमासिक बंद करून त्याच्या वाट्याच्या कागदावर त्यांनी किशोरवयीन मुलींसाठी 'सेव्हन्टीन' काढले. त्याच्या पहिल्या संपादिका हेलन व्हॅलेंटाइन यांनी असा मुद्दा मांडला की पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ही बालिका नाही आणि गृहिणीही नाही, पण तिच्या हाती पैसे आहेत आणि तिला मत आहे. पुढे वॉल्टर यांच्या भगिनी इनिड हॉप्ट यांनी बरीच वर्षे या मासिकाचे संपादन केले. भावाच्या कीर्तीच्या सावलीत या बाई थोड्या झाकल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातले जुने काचघर त्यांच्या देणगीमुळे वाचले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आता आपल्या प्रश्नाकडे. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांत टीव्हीच्या कार्यक्रमांची लहान लहान साप्ताहिके निघत होती. त्यांपैकी फिलाडेल्फियातील एकाची जाहिरात वॉल्टर यांनी पाहिली आणि त्यांच्या मनात एक जोडणी आली. सिनेतारकांवरचे लेख, छायाचित्रे, मुखपृष्ठ हा रंगीत भाग सगळ्या देशासाठी एकच छापायचा, आणि आत कोणत्या वाहिनीवर किती वाजता काय आहे ही साध्या कागदावरची पाने प्रत्येक प्रदेशासाठी वेगळी छापून त्या रंगीत भागात बांधायची. त्यांनी न्यूयॉर्क, शिकागो आणि फिलाडेल्फिया येथील साप्ताहिके विकत घेतली आणि ३ एप्रिल १९५३ रोजी 'टीव्ही गाइड'चा पहिला राष्ट्रीय अंक दहा शहरांतून बाहेर पडला. किंमत १५ सेंट. मुखपृष्ठावर अभिनेत्री लूसिल बॉल हिचे नवजात बाळ होते. त्या बाळाचा जन्म आणि तिच्या मालिकेतल्या बाळाचा जन्म एकाच दिवशी झाला होता व तो भाग कोट्यवधी लोकांनी पाहिला होता. पहिल्या अंकाच्या १५ लाखांहून अधिक प्रती खपल्या.

उन्हाळ्यात खप घसरला, कारण जुने कार्यक्रम पुन्हा दाखवले जात असताना वेळापत्रक कोण विकत घेणार. सप्टेंबरात नव्या हंगामाच्या कार्यक्रमांची ओळख करून देणारा खास अंक काढला गेला आणि गाडी रुळावर आली; ती प्रथा पुढे दरवर्षी पाळली गेली.

दैनिक हेच छापू शकत होते, असे आपण म्हणता. छापत होतेच. पण दैनिकात आजचा दिवस असतो आणि संध्याकाळपर्यंत त्या पानात काहीतरी गुंडाळलेले असते. हा खिशात मावेल एवढा अंक आठवडाभर टीव्हीवरच पडून राही. घरातले प्रत्येक माणूस तो दिवसातून दोन-तीनदा हाताळी, त्यामुळे त्यातली जाहिरातही तितक्याच वेळा नजरेखालून जाई. शिवाय शेजारच्या शहरातल्या वाहिन्या वेगळ्या, त्यांचे क्रमांक वेगळे, वेळा वेगळ्या. शंभराहून अधिक प्रादेशिक आवृत्त्या दर आठवड्याला, एकही वेळ न चुकता, तयार करून देशभरच्या दुकानांत पैसे मोजण्याच्या जागेशेजारी मांडणे हे ज्याला जमेल त्याच्याशी स्पर्धा करणे दुसऱ्याला परवडणारे नव्हते. १९७० च्या दशकात खप दर आठवड्याला दोन कोटींच्या आसपास पोचला. वर्षाचे ५२ आठवडे धरून गुणाकार केला तर आकडा शंभर कोटी प्रतींच्या वर जातो.

आता हे 'डेली रेसिंग फॉर्म'शेजारी ठेवून पाहावे. बारीक अक्षरांतले कोष्टक, ठरलेल्या तारखेला शिळे होणारे, ठिकाणागणिक बदलणारे आणि ज्याला हवे त्याला त्याच्यावाचून भागत नाही असे. बापाने जे घोड्यांबद्दल केले तेच मुलाने टीव्हीबद्दल केले, फक्त मुलाच्या गिऱ्हाइकांना पोलिसांची भीती नव्हती. पत्रकारितेच्या इतिहासात मते मांडणारे मालक मोठे ठरतात, पण या घराण्याला श्रीमंती कधीच मतांनी दिली नाही.

प्रश्न : वॉल्टर ॲनेनबर्ग यांनी दानधर्म करून वडिलांच्या नावावरचा डाग धुऊन काढला, असे म्हणतात. मग त्यांच्या स्वतःच्या पत्रकारितेबद्दल कुणी काही का बोलत नाही?

उत्तर : बोलणारे बोलतात, पण देणग्यांचे आकडे इतके मोठे आहेत की ते बोलणे ऐकू येत नाही.

'इन्क्वायरर'च्या मालकीचा वॉल्टर यांनी वैयक्तिक हत्यार म्हणून वापर केला. त्यांची मर्जी खप्पा झालेल्या व्यक्तींचे नाव अंकात येऊ द्यायचे नाही, असा अलिखित नियम कार्यालयात होता. सर्वांत वाईट उदाहरण १९६६ च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीतले. मिल्टन शॅप हे उमेदवार पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या प्रस्तावित विलीनीकरणाला विरोध करत होते आणि वॉल्टर त्या रेल्वेचे मोठे भागधारक होते. 'इन्क्वायरर'च्या बातमीदाराने शॅप यांना विचारले की तुम्ही कधी मनोरुग्णालयात होता काय. ते म्हणाले, नाही. दुसऱ्या दिवशी मथळा आला तो शॅप यांनी मनोरुग्णालयातील वास्तव्याचा इन्कार केला, असा. प्रश्न पेपरनेच विचारायचा आणि इन्काराची बातमीही पेपरनेच करायची, ही युक्ती जगात पुष्कळांनी वापरली आहे, पण इतक्या उघडपणे क्वचितच. शॅप ती निवडणूक हरले. १९७० मध्ये मात्र ते राज्यपाल झाले. त्याआधी १९६७ मध्ये याच दैनिकाचा एक नामांकित शोधपत्रकार बातमी दडपण्यासाठी लोकांकडून पैसे उकळत होता हे फिलाडेल्फियातल्याच एका मासिकाने उघडकीस आणले. 'इन्क्वायरर'ची पत धुळीला मिळाली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये वॉल्टर यांना ब्रिटनमधील राजदूत नेमले आणि त्याच वर्षी 'इन्क्वायरर' व 'डेली न्यूज' ही दोन्ही दैनिके साडेपाच कोटी डॉलरना नाइट कंपनीला देण्याचा सौदा ठरला. नव्या मालकांच्या हाती 'इन्क्वायरर' काही वर्षांतच देशातल्या उत्तम दैनिकांपैकी एक बनले, ही गोष्ट वॉल्टर यांना फारशी सुखद वाटली नसावी.

लंडनमधला त्यांचा पहिला प्रसंग चित्रफितीत कायमचा राहून गेला आहे. राणीने विचारले की आपण निवासस्थानी राहायला आलात का. दुरुस्तीचे काम चालू आहे, एवढे म्हणायचे होते. वॉल्टर यांनी त्याऐवजी नूतनीकरणाच्या घटकांची आवश्यकता आणि तज्जन्य गैरसोय अशा धाटणीचे एक लांबलचक वाक्य उच्चारले आणि सगळ्या ब्रिटनने त्यांची टर उडवली. लहानपणापासून अडखळणाऱ्या माणसाला आधीच पाठ केलेल्या जड शब्दांचा आधार वाटतो, हे हसणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत होते. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी त्या निवासस्थानाच्या डागडुजीवर स्वतःचे पैसे खर्च केले आणि ते परतले तेव्हा लंडनचे मत बदललेले होते.

देणग्यांबद्दल म्हणाल तर १९९० मध्ये कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांसाठी पाच कोटी डॉलर. १९९३ च्या जूनमध्ये दोन विद्यापीठांना प्रत्येकी बारा कोटी, हार्वर्डला अडीच कोटी आणि स्वतः जेथे शिकले त्या पेडी शाळेला दहा कोटी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारी शाळांच्या सुधारणेसाठी पन्नास कोटी. पन्नासहून अधिक चित्रांचा त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला मिळाला, तो सगळी चित्रे एकत्र टांगावीत या अटीवर. त्यांच्या कार्यालयात एक पाटी होती आणि तिच्यावर, माझ्या हातून घडणाऱ्या कामाने वडिलांच्या स्मृतीला मान लाभो, अशा अर्थाची प्रार्थना कोरलेली होती. ती वाचून हा दानधर्म कुणासाठी होता हे कळते. डाग गेला की नाही हे मला विचाराल तर वडिलांचा गेला. शॅप यांच्यावरचा मथळा मुलाचा स्वतःचा होता आणि तो जुन्या अंकांत तसाच आहे.

प्रश्न : अमेरिकेतील सगळी प्रसारमाध्यमे ज्यूंच्या हाती आहेत, असे जे म्हटले जाते त्याचा हे घराणे पुरावा नाही काय?

उत्तर : नाही. हर्स्ट, मॅकॉर्मिक, स्क्रिप्स, नाइट, ल्यूस या बड्या माध्यममालकांपैकी कुणीही ज्यू नव्हते आणि देशभरच्या वृत्तपत्रांचा व नियतकालिकांचा फार मोठा हिस्सा त्यांच्याकडे होता. एकजुटीचा मुद्दा तर वरच्याच हकिकतीत निकालात निघतो : ॲनेनबर्ग यांना रोज झोडपणारे स्टर्न ज्यू होते, त्यांना तळून वाढायला निघालेले मॉर्गेंथाऊ ज्यू होते आणि वॉल्टर यांनी ज्यांना बदनाम केले ते शॅपही ज्यूच होते. जुन्या बँका, मोठे कारखाने आणि प्रतिष्ठित क्लब यांची दारे स्थलांतरित ज्यूंना बहुधा बंद असत. पेपरवाटप, शर्यतींचे पत्रक, सिनेमा अशा नव्या किंवा हलक्या समजल्या जाणाऱ्या धंद्यांत शिरायला कुणाची शिफारस लागत नसे. इतकेच.

प्रश्न : 'न्यूयॉर्क टाइम्स'चे घराणेही ज्यू स्थलांतरितांचेच आहे. ते अजून टिकून आहे आणि ॲनेनबर्ग यांचे प्रकाशन मात्र दोन पिढ्यांत संपले. असे का?

उत्तर : ज्युलियस ऑक्स १८४५ मध्ये बव्हेरियातील फ्युर्थहून अमेरिकेत आले. त्यांचे चिरंजीव अडॉल्फ यांनी अकराव्या वर्षी पेपर टाकण्यापासून सुरुवात केली, विशीत २५० डॉलर उसने घेऊन टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराचे दैनिक ताब्यात घेतले आणि १८९६ मध्ये ७५ हजार डॉलर, तेही उसनेच, घालून मोडकळीला आलेले 'न्यूयॉर्क टाइम्स' मिळवले. दोन वर्षांनी किंमत तीन सेंटवरून एका सेंटवर आणली तेव्हा खप वर्षभरात तिप्पट झाला. त्यांना एकच मुलगी, इफिजीन. पत्राची सूत्रे जावयाकडे, मग नातजावयाकडे आणि मग नातवाकडे गेली. आजचे प्रकाशक ए. जी. सल्झबर्गर हे अडॉल्फ यांचे खापरपणतू. समभागांचे दोन वर्ग आहेत, आणि संचालक मंडळातील बहुसंख्य सदस्य निवडण्याचा अधिकार ज्या वर्गाला आहे तो वर्ग प्रामुख्याने कुटुंबाच्या विश्वस्त निधीत बांधलेला आहे. एखाद्या भाच्या-पुतण्याला पैशांची निकड लागली म्हणून पत्र बाहेर जाऊ नये, अशी ही व्यवस्था.

वॉल्टर यांनी अशी तजवीज केली नाही, आणि कुणासाठी करायची हाही प्रश्न होता. त्यांचा एकुलता मुलगा रॉजर याने १९६२ मध्ये, बाविसाव्या वर्षी, आपले जीवन संपवले. कन्या वॉलिस यांनी पुढे कुटुंबाच्या दानसंस्थेचे काम पाहिले. १९८८ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, वॉल्टर यांनी 'टीव्ही गाइड', 'सेव्हन्टीन' आणि 'डेली रेसिंग फॉर्म' यांसह सगळा व्यवसाय रुपर्ट मर्डॉक यांना सुमारे तीन अब्ज डॉलरला विकला. तोवर इतकी किंमत कोणत्याच प्रकाशनव्यवसायाला आली नव्हती. २००२ मध्ये, ९४ व्या वर्षी, ते वारले.

कोष्टक विकण्याची एक मर्यादा आहे आणि ती वॉल्टर यांनी वेळेवर ओळखली, की निव्वळ म्हातारपणामुळे त्यांचे भले झाले, हे सांगणे अवघड आहे. केबलच्या वाहिन्या वाढल्या, वेळापत्रक टीव्हीच्याच पडद्यावर दिसू लागले आणि छापील पानाची गरज उरली नाही. मर्डॉक यांनी कर्जाच्या ओझ्याखाली १९९१ मध्येच 'सेव्हन्टीन' आणि 'डेली रेसिंग फॉर्म' विकून टाकले. 'टीव्ही गाइड'च्या प्रादेशिक आवृत्त्या २००५ मध्ये बंद पडल्या आणि २००८ मध्ये ते साप्ताहिक पुन्हा विकले गेले तेव्हा सौद्याची किंमत होती एक डॉलर, म्हणजे दुकानात त्याच्या एका अंकालाही पुरली नसती एवढी. 'डेली रेसिंग फॉर्म' मात्र अजून निघते. आणि 'सेव्हन्टीन' हातोहात फिरत २००३ मध्ये ज्या कंपनीकडे गेले, ती कंपनी हर्स्ट यांची आहे.